केंद्रके फिकी, तांबूस, धुरकट येतात? हिमॅटॉक्सिलिनची बाटली ओतून देण्याआधी हे तपासा

मिरजेत हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींचे काप रंगवून मायक्रोस्कोपखाली तपासण्याच्या, कामात माझी बरीच वर्षे गेली. विटा, तासगाव, कराड, फलटण अशा ठिकाणच्या लहान लॅबमधून फोन येतात आणि तक्रार बहुधा एकच असते: "ताई, न्यूक्लियस रंगच धरत नाही." तोवर हिमॅटॉक्सिलिनची नवी बाटली मागवून झालेली असते, रंगात ठेवायची वेळ दुप्पट करून झालेली असते, आणि स्लाइड जशीच्या तशी. हिमॅटॉक्सिलिन दोषी असते, नाही असे नाही, पण लोकांना वाटते तितक्या वेळा नाही. त्याच्या आधी तपासण्यासारख्या फुकटच्या गोष्टी बऱ्याच आहेत. खालचे सगळे एच अँड ई बद्दल आहे, म्हणजे केंद्रक निळे करणारे हिमॅटॉक्सिलिन आणि बाकीची पेशी गुलाबी करणारे इओसिन. दुसऱ्या रंगांचे नाव लागेल तिथेच घेते.

आधी लक्षणे

"न्यूक्लियस बिघडला" एवढ्यावर काही ठरत नाही. स्लाइड समोर ठेवून यातले नेमके काय आहे ते बघा.

- सगळी स्लाइड गुलाबी, केंद्रके सगळीकडे सारखीच फिकी निळसर.
- केंद्रकांचा आकार, काठ सगळे ठीक, पण रंग तांबूस जांभळा. निळा होतच नाही.
- केंद्रक काळपट निळा ठोकळा, आतले काही दिसत नाही, आणि पेशीद्रव्यही निळसर.
- एकाच सेक्शनमध्ये (ऊतीच्या पातळ कापात) मध्येच वेडेवाकडे डाग, तिथे केंद्रकेही नाहीत आणि इओसिनही नाही.
- कडेची केंद्रके सुरेख, आत मधोमध जाल तशी फिकी आणि धुरकट.
- केंद्रकात बुडबुडे, आवरणाचा काठ पुसलेला.
- केंद्रकांवर निळे-काळे कण, आणि फोकस थोडा वर घेतला की कण स्पष्ट होतात, पेशी अस्पष्ट.
- एका भागात केंद्रके दिसतच नाहीत, त्याला लागून असलेल्या भागात उत्तम.

फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारते: किती फिके ते राहू दे, कुठे फिके आहे ते सांग. सगळीकडे सारखे फिके असेल तर दोष रंगात, पाण्यात किंवा वेळेत. वेडेवाकडे डाग असतील तर मेणात (कापण्याआधी ऊती मेणात बसवतात, ते). काठ चांगला आणि मध्य वाईट असेल तर फिक्सेशनमध्ये, म्हणजे ऊती फॉर्मलिनमध्ये घालून टिकवण्यात. आणि एक भाग पूर्ण गेलेला, त्याची हद्दही दिसते, असे असेल तर कदाचित दोष नाहीच, तो आजार आहे. एवढे एक बघितले तरी निम्मी धावपळ वाचते.

नीट रंगलेले केंद्रक म्हणजे काय

केंद्रक सगळे एकसारखे निळे व्हावे अशी अपेक्षा चुकीची आहे. त्याचा प्रत्येक भाग रंगाशी वेगळा वागतो, आणि बिघाड शोधताना हाच फरक कामाला येतो.

हिमॅटॉक्सिलिन स्वतः रंग देत नाही. त्याचे ऑक्सिडेशन होऊन हिमॅटेइन तयार होते, आणि त्यालाही पेशीला धरून ठेवायला धातू लागतो. आपल्या नेहमीच्या हॅरिस, मेयर, गिल या सगळ्या प्रकारांत तो धातू ॲल्युमिनियम, म्हणजे साधी तुरटी. ॲल्युमिनियमला जोडलेल्या हिमॅटेइनवर धन भार असतो, डीएनएच्या फॉस्फेटवर ऋण. म्हणून रंग डीएनएला चिकटतो. जिथे क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याची प्रथिने) घट्ट गुंडाळलेले तिथे गडद, जिथे सैल तिथे फिके. लिम्फोसाइटचे केंद्रक काळपट निळे आणि चेतापेशीचे केंद्रक जवळजवळ पारदर्शक दिसते, ते दोन्ही बरोबर असते. चेतापेशीत तेवढी मधली केंद्रकी, म्हणजे न्यूक्लिओलस, ठसठशीत दिसते.

केंद्रकीचे गणित वेगळे. तिच्यात आरएनए आणि प्रथिने भरपूर, डीएनए अगदी थोडा. त्यामुळे ती हिमॅटॉक्सिलिनही घेते आणि इओसिनही, आणि शुद्ध निळी न दिसता जांभळट तांबडी दिसते. केंद्रकाच्या आवरणाची जी बारीक रेघ दिसते ती बरीचशी आवरणाची नाहीच. आतून त्याला टेकलेल्या क्रोमॅटिनची ती रेघ. म्हणून ही रेघ पुसट झाली तर आवरण फाटले असे समजू नका, क्रोमॅटिन नीट फिक्स झालेले नाही असे समजा.

आणखी एक गोष्ट नवीन मुलांना कोणी सांगत नाही. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचा असतो आणि केंद्रक बहुधा त्याहून जाड. म्हणजे समोर दिसतो तो केंद्रकाचा काप. केंद्रकी त्या कापात आलीच पाहिजे असे नाही. एखाद्या केंद्रकात केंद्रकी दिसली नाही म्हणून रंगाला दोष देऊ नका. पन्नास केंद्रके बघा आणि एकातही नाही असे असेल तर विचार करा.

तुलनेसाठी नॉर्मल अपेंडिक्सचा एक ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) कायम बाजूला ठेवा. एकाच सेक्शनमध्ये गडद लिम्फोसाइट, घड्याळाच्या तबकडीसारखे क्रोमॅटिन असलेल्या प्लाझ्मा पेशी, स्नायूची लांबट केंद्रके, आणि स्नायूंच्या थरांमधल्या गँग्लियन पेशींतली फिकी केंद्रके व ठळक केंद्रकी, सगळे मिळते. यासाठी वेगळा काही खर्च नाही. रोजच्या बॅचमध्ये या ब्लॉकची एक स्लाइड घातली की पेशंटची स्लाइड खराब आली तेव्हा दोष ऊतीचा की रंगाचा हे लगेच कळते. कंट्रोल, म्हणजे ही तुलनेची स्लाइड, चांगला आणि पेशंटची वाईट असेल तर पाण्याच्या आणि बाटलीच्या मागे लागू नका, थेट खाली फिक्सेशनच्या भागाकडे जा.

१. मायक्रोस्कोप

हसू नका. चांगल्या दिवसांतली एखादी जुनी स्लाइड काढा आणि त्याच मायक्रोस्कोपवर बघा. तीही तांबूस दिसली तर स्लाइडमध्ये खोट नाही, उजेडात आहे. हॅलोजनचा दिवा मंद ठेवला की उजेड पिवळा पडतो आणि निळा रंग मरतो. दिवा वाढवा, निळा फिल्टर आहे का ते बघा. कंडेन्सर खाली घसरलेला असेल तर क्रोमॅटिन नसतानाही खरखरीत दिसते. आणि सगळे धुरकट दिसत असेल तर ४० चे ऑब्जेक्टिव्ह पुसा. कोणीतरी रक्ताचे स्मिअर ऑइलमध्ये बघून १०० वरून तसेच ४० वर आलेले असते.

२. पाणी

केंद्रके तांबूस राहतात त्याचे सगळ्यात जास्त वेळा सापडलेले कारण हेच, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

हिमॅटॉक्सिलिनमधून स्लाइड बाहेर येते तेव्हा रंग तांबूस जांभळा असतो, कारण द्रावण आम्लधर्मी असते. किंचित अल्कधर्मी पाण्यात गेला की तोच रंग निळा होतो आणि विरघळेनासा होतो. यालाच आपण ब्लूइंग म्हणतो. पूर्वी नळाखाली दहा मिनिटे धरले की काम व्हायचे, कारण नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट असायचे. आता लॅबमध्ये आरओ बसतो. मालकांना वाटते शुद्ध पाणी, मग सगळ्यालाच तेच वापरा. आरओचे पाणी बायकार्बोनेट गमावून बसलेले असते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. त्यात स्लाइड तासभर ठेवली तरी केंद्रक निळे होत नाही. "आरओ कधी बसवला?" आणि "स्लाइड कधीपासून बिघडली?" या दोन प्रश्नांना बऱ्याचदा एकच उत्तर येते.

आपल्या भागात पाणी गावागणिक बदलते. जत, आटपाडीकडचे बोअरचे जड पाणी, कृष्णेवरून नळाला येणारे पाणी आणि साताऱ्याला कास तलावातून येणारे पाणी, ही तीन एकसारखी वागतील असे धरून चालू नका. पीएचची पट्टी काढा आणि मोजा. ब्लूइंगचे पाणी ८ च्या आसपास हवे. ७ च्या खाली असेल तर गुन्हेगार सापडला. बोअरचे जड पाणी ब्लूइंगला चालते, पण त्यात फॉर्मलिन किंवा रंग बनवू नका. त्यातले कॅल्शियम फॉर्मलिनमधल्या फॉस्फेट बफरबरोबर (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांबरोबर) साका करते.

चाचणी अशी करा. तांबूस आलेली एक स्लाइड घ्या. कव्हरस्लिप लावलेली असेल तर झायलीनमध्ये ठेवून ती आपोआप सुटू द्या, ओढू नका. मग अल्कोहोलमधून उतरत पाण्यापर्यंत आणा आणि स्कॉटच्या द्रावणात दोन मिनिटे ठेवा. स्कॉटचे द्रावण म्हणजे १ लिटर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे खाण्याचा सोडा, धुण्याचा नव्हे. धुण्याचा सोडा फार तीव्र, त्यात सेक्शन स्लाइडवरून सुटतात. केंद्रके डोळ्यांदेखत निळी झाली तर प्रश्न मिटला. रोजच्या पद्धतीत एक जार स्कॉटचा कायमचा ठेवा आणि तो वेळेवर बदला. काही जण पातळ अमोनिया वापरतात. निळेपणा लवकर येतो हे खरे, पण जास्त झाला तर सेक्शन उचलला जातो आणि नीट धुतला नाही तर पुढे इओसिन धरत नाही. मी स्कॉटच सांगते.

पाण्याची दुसरी तक्रार उलटी: रंग चढलेला असतो आणि धुताना उतरतो. क्लोरीन जास्त असलेले पाणी हिमॅटॉक्सिलिनचा रंग उडवते. पुरानंतर नळाच्या पाण्याला क्लोरीनचा कसा वास येतो हे सांगलीकरांना सांगायला नको. अशा दिवसांत बादलीभर पाणी आदल्या रात्री उघडे ठेवून ते वापरा आणि धुण्याची वेळ कमी करा. थंडीत पहाटेच्या गार पाण्यातही ब्लूइंग सावकाश होते. तिथे फक्त थोडा धीर धरा.

३. हिमॅटॉक्सिलिन: एका थेंबाची चाचणी

काचेच्या ग्लासात नळाचे पाणी घ्या, वर सांगितल्याप्रमाणे पीएच पाहिलेले. त्यात हिमॅटॉक्सिलिनचे दोन-चार थेंब टाका. लगेच निळे-जांभळे झाले तर रंग जिवंत आहे. तपकिरी-तांबडे राहिले, किंवा निळे व्हायला रेंगाळले, तर रंग संपला. आरओच्या पाण्यात ही चाचणी करून चांगली बाटली ओतून देणारे लोक आहेत, म्हणून पाण्याचा भाग आधी लिहिला.

रंग संपतो कसा? ऑक्सिडेशन हवे तिथे थांबत नाही, हवेने चालूच राहते. हिमॅटेइन पुढे ऑक्सिडाइझ झाले की रंग न देणारी तपकिरी संयुगे बनतात आणि तळाशी गाळ बसतो. जार उघडा ठेवणे, खिडकीशी ऊन लागेल असा ठेवणे, एप्रिल-मेच्या उकाड्यात झाकण न लावणे, यांनी ते लवकर होते. शिवाय प्रत्येक स्लाइडबरोबर जारमध्ये पाणी येते आणि तुरटी पातळ होत जाते. किती स्लाइड झाल्या याची वही जारशेजारीच ठेवा. "दर सोमवारी बदलतो" हा नियम ज्या आठवड्यात काम कमी त्या आठवड्यात पैसे घालवतो आणि ज्या आठवड्यात काम जास्त त्या आठवड्यात स्लाइड घालवतो.

निळे-काळे कण दिसत असतील तर रंग मेलेला नाही, गाळलेला नाही एवढेच. हॅरिसवर धातूसारखी चकचकीत साय धरते. ती रोज सकाळी फिल्टर पेपरमधून गाळून काढायची. कण ऊतीच्या वरच्या पातळीवर दिसतात ते यामुळेच.

रंग घरी बनवत असाल तर तुरटी लॅबच्या प्रतीची घ्या. न्हाव्याकडची तुरटी नको, तिच्यात लोह असू शकते आणि लोहाबरोबर हिमॅटेइन काळपट रंग देते. जुन्या पुस्तकांतल्या हॅरिसच्या कृतीत मर्क्युरिक ऑक्साइड आहे. तो वापरू नका, सोडियम आयोडेटने तेच काम होते. कपाटात पाऱ्याचा जुना स्टॉक असेल तर तो बेसिनमध्ये ओतणे हा पर्याय नाही. जैववैद्यकीय आणि घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेला कळवा.

४. वेळ आणि आम्लाचा हात

मेयर आणि हॅरिस यांची पद्धत एक नाही. मेयर हळूहळू चढतो आणि हवा तिथे थांबवायचा. हॅरिस जास्त चढवून मग ॲसिड-अल्कोहोलने, म्हणजे ७० टक्के अल्कोहोलमधल्या १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्लाने, उतरवायचा. घोळ होतो तो बाटली बदलल्यावर. स्वस्त मिळाली म्हणून हॅरिसच्या जागी मेयर आली, आणि भिंतीवरचा तक्ता तसाच राहिला. मग मेयरने जेमतेम रंगलेल्या स्लाइडला हॅरिसचे ॲसिड बसते आणि केंद्रके गायब. बाटलीवरचे लेबल आणि भिंतीवरचा तक्ता जुळतात का ते आधी बघा.

उलट, काळपट ठोकळा दिसत असेल तर ॲसिड कमी पडले. इथे आम्लाचे काम समजून घ्या. ते सगळीकडून रंग काढते, पण डीएनएला घट्ट धरलेला रंग शेवटी सुटतो. म्हणून दोन-तीन बुड्या झाल्या की पेशीद्रव्य आधी स्वच्छ होते, केंद्रकी आणि क्रोमॅटिनचे कण मोकळे दिसू लागतात. त्या क्षणी थांबायचे आणि लगेच पाण्यात. हे सेकंदांत मोजून होत नाही. ओल्या स्लाइडला मायक्रोस्कोपखाली धरून बघायची सवय लावा. जारमधले ॲसिड-अल्कोहोल दिवसभरात पातळ होते आणि संध्याकाळच्या स्लाइड सकाळच्यापेक्षा गडद येतात, हाही एक नेहमीचा खेळ.

हॅरिसमध्ये थोडे ग्लेशियल ॲसेटिक घालतात तेही याच कारणाने. आम्लात पेशीद्रव्यातले ऋण भार झाकले जातात, डीएनएच्या फॉस्फेटचे टिकतात, आणि रंग केंद्रकापुरता राहतो.

इओसिनबद्दल एवढेच: फार गडद गुलाबीखाली चांगले केंद्रकही झाकते. शंका आली तर एक स्लाइड इओसिन न लावता बघा.

५. मेण आणि झायलीन

वेडेवाकडे डाग म्हणजे मेण पूर्ण निघालेले नाही. मेणातून पाण्यातला रंग आत जाऊच शकत नाही. स्लाइड ६० अंशांवर नीट तापवून मेण वितळू द्या, मग झायलीनचे दोन बदल, दुसरा ताजा. झायलीननंतरच्या अल्कोहोलमध्ये पांढरट धुके दिसले तर कुठेतरी पाणी शिरले आहे. पावसाळ्यात ॲब्सोल्यूट अल्कोहोल ओलावा धरते, जारचे झाकण उघडे ठेवू नका. डाग असलेली स्लाइड वाया गेलेली नसते. परत झायलीनमध्ये घाला, पहिल्यापासून रंगवा.

६. सेक्शनची जाडी

एकाच सेक्शनमध्ये जाड-पातळ पट्टे असतील तर ब्लेड सैल आहे किंवा बोथट. ब्लेडची दुसरी जागा वापरा, ब्लॉक थंड करा, स्क्रू आवळा. तरीही पट्टे येत असतील तर मायक्रोटोम स्वतः उघडू नका. फीडची यंत्रणा एकदा हलली की ती जुळवायला कंपनीचा माणूसच लागतो, आणि तेव्हा बिल मोठे येते. आधीच बोलवा.

७. फिक्सेशन

इथून पुढे दोष तुमच्या टेबलावर नाही, तुमच्याकडे नमुना येण्याआधीचा आहे. म्हणूनच तो दुरुस्त करणे अवघड.

काठ चांगला आणि मध्य धुरकट ही फिक्सेशनची सही. फॉर्मलिन ऊतीत ताशी साधारण १ मिलिमीटर शिरते आणि आत जाईल तसे आणखी मंदावते. शिरल्यानंतर प्रथिनांना बांधायला त्याला वेगळा वेळ लागतो. तोवर आतल्या पेशींतली एन्झाइम्स स्वतःच्याच पेशी खातात. क्रोमॅटिन विस्कटते, आवरणाची रेघ जाते, केंद्रक फुगून राखाडी होते. असे केंद्रक कुठल्याही रंगाने परत येत नाही.

आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यातून सर्वांत जास्त येते ते गर्भाशय, आणि ते येते अख्खे. न उघडता बाटलीत घातलेले, बाटलीत फॉर्मलिन जेमतेम बुडेल इतके, आणि बाटलीचे तोंड इतके अरुंद की घट्ट झालेला नमुना बाहेर निघत नाही. दोन दिवसांनी ब्लॉक होतो तेव्हा बाहेरचा स्नायू छान आणि आतले अस्तर, ज्यासाठी तपासणी मागवली तेच, धुरकट. काही नमुने सलाइनमध्येच येतात. सलाइन फिक्स करत नाही.

करायचे ते असे. नमुन्याच्या दहा ते वीस पट फॉर्मलिन, रुंद तोंडाची बरणी, मोठा नमुना उघडून. मात्र कुठे आणि कसा छेद द्यायचा हे सर्जन किंवा पॅथॉलॉजिस्टच सांगतील, टेक्निशियनने सुरी चालवू नये, कारण छेदाने कडा आणि मोजमापे बिघडतात. पॅथॉलॉजिस्ट मॅडमना त्या दवाखान्यात फोन करायला सांगा. एक फोन पुरतो, पुढच्या वेळी नमुना उघडून येतो.

फॉर्मलिन बफर घातलेलेच हवे. १ लिटरसाठी: ४० टक्क्यांचे फॉर्मलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर नसलेले फॉर्मलिन ठेवल्या ठेवल्या आम्लधर्मी होत जाते. त्याचे दोन परिणाम: केंद्रकांचा रंग हळूहळू फिका पडतो, आणि रक्त असलेल्या जागी काळपट तपकिरी कण बसतात. हे कण पिक्रिक आम्लाच्या अल्कोहोलमधल्या संपृक्त द्रावणाने निघतात. पण पिक्रिकची जुनी बाटली सुकलेली दिसली, झाकणाभोवती पिवळे स्फटिक दिसले, तर झाकणाला हातही लावू नका. सुके पिक्रिक धक्क्याने फुटते. खोली बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

केंद्रकात बुडबुडे दिसतात तेही बहुधा अर्धवट फिक्स झालेल्या ऊतीत. सेक्शन ओला असतानाच फार गरम प्लेटवर ठेवला की अर्धवट फिक्स झालेली प्रथिने गोठतात आणि बुडबुडे वाढतात. आधी उभे ठेवून पाणी निथळू द्या, मग तापवा.

कॅम्पमधले पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींचे) पाठवणाऱ्यांसाठी एक ओळ: स्मिअर ओला असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेला पाहिजे. फॉर्म भरेपर्यंत वाळला तर केंद्रके फुगतात, क्रोमॅटिन पुसट होते, आणि रंगवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

८. हाड आणि आम्ल

हाडाच्या स्लाइडमध्ये केंद्रके फिकी असतील तर डिकॅल्सिफिकेशन, म्हणजे हाडातले कॅल्शियम काढणे, लांबले. तीव्र आम्ल कॅल्शियम काढते तसे डीएनए आणि आरएनएही तोडते. नायट्रिकमध्ये शनिवारी टाकून सोमवारी काढले की हाड मऊ आणि केंद्रके रिकामी. रोज तपासा. वापरलेले आम्ल अमोनियाने उदासीन करून त्यात अमोनियम ऑक्झलेट घाला, गढूळ झाले तर कॅल्शियम अजून येते आहे, गढूळ झाले नाही तर थांबा. वेळ असेल तर आम्लाऐवजी ईडीटीए (कॅल्शियम बांधून काढणारे रसायन) वापरा, सावकाश पण केंद्रकाला सौम्य. थोडासाच बिघडलेला सेक्शन लिथियम कार्बोनेटच्या संपृक्त द्रावणात ठेवून, धुऊन, हिमॅटॉक्सिलिनची वेळ वाढवून थोडाफार सावरतो. पूर्ण गेलेला सावरत नाही.

कुठे थांबायचे

कंट्रोल चांगला, काठही चांगला, आणि मध्येच एका भागात केंद्रके आकसलेली, तुकडे झालेली किंवा विरघळून गेलेली, पेशींच्या बाह्यरेषा मात्र अजून दिसतात. हे रंगाचे काम नाही. मेलेल्या ऊतीत केंद्रक असेच जाते, आणि ते तसे दिसणे हाच निष्कर्ष असू शकतो. अशी स्लाइड "सुधारायला" घेऊ नका. हिमॅटॉक्सिलिन वाढवून तिथे निळेपणा आणलात तर पॅथॉलॉजिस्टची दिशाभूल होईल. स्लाइड आहे तशी दाखवा आणि काय-काय केले ते सांगा.

लहान बायोप्सीतही लवकर थांबा. ब्लॉकमध्ये ऊती थोडीच उरली असेल तर प्रयोग अपेंडिक्सवर करायचे. पेशंटच्या ब्लॉकमधून कापलेला सेक्शन परत मिळत नाही, आणि पुढे विशेष तपासण्यांना तोच लागतो. कंट्रोलवर दोष सुटेपर्यंत पेशंटच्या ब्लॉकला हात लावू नये.

डीएनए आहे आणि रंग बसत नाही, की डीएनएच गेला, असा वाद उरला तर मोठ्या लॅबमध्ये फॉयल्गेन (फक्त डीएनए रंगवणारी पद्धत) करता येते. १९२४ पासूनची पद्धत आहे. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिकमध्ये ६० अंशांवर मोजक्या मिनिटांचे हायड्रॉलिसिस, मग शिफचे द्रावण. डीएनए किरमिजी होतो, केंद्रकीचा आरएनए होत नाही. केंद्रकातले क्रोमॅटिन किरमिजी आले तर डीएनए शाबूत आहे, दोष तुमच्या हिमॅटॉक्सिलिनच्या ओळीत शोधा. कंट्रोल किरमिजी आणि पेशंटची रिकामी आली तर ब्लॉकमध्येच काही उरलेले नाही. बुआँच्या द्रावणात (पिक्रिक आम्ल असलेल्या फिक्सेटिव्हमध्ये) फिक्स केलेल्या ऊतीवर मात्र हे करू नका, त्यातले आम्ल आधीच हायड्रॉलिसिस करून बसलेले असते. केंद्रकीबद्दल शंका असेल तर मिथाइल ग्रीन-पायरोनिन: क्रोमॅटिन हिरवे ते निळसर हिरवे, केंद्रकी आणि प्लाझ्मा पेशीचे द्रव्य लाल. हे दोन्ही रंग पहिल्यांदाच करायचे असतील तर स्वतः शिकत बसू नका, ब्लॉक पाठवा.

पाठवताना ब्लॉकबरोबर बिघडलेली स्लाइड, त्याच बॅचमधली कंट्रोलची स्लाइड आणि न रंगवलेले दोन सेक्शन द्या. कागदावर लिहा: नमुना कशात आला, किती वेळ फॉर्मलिनमध्ये होता, डिकॅल्सिफिकेशन झाले का आणि कशाने, हिमॅटॉक्सिलिन कुठल्या प्रकारचे, ब्लूइंगच्या पाण्याचा पीएच किती. पीएचची ओळ रिकामी आली तर मी उलट फोन करून तीच आधी विचारते.